प्रश्न सातवा

कागदावर पाच चेहरे छापलेत,
पहिला रडवा, पाचवा दात दाखवणारा.
मी खाटेखाटेशी जाते, विचारते,
समाधानी? अत्यंत समाधानी? सांगता येत नाही?
एका फॉर्ममागे बावीस रुपये.
अर्धवट भरलेला धरत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी याच हातांनी
विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत साल कुटायचे.
नरक्याची साल.
भिजवून, गाळून, आटवून
उरायची चिमूटभर पिवळट पूड,
ती काचेच्या ताटलीतल्या पेशींवर सोडली
की अठ्ठेचाळीस तासांत पेशी गप्प.
आलेख सुरेख उतरायचा.
ताटलीतल्या पेशींना उलटी होत नाही,
त्यांना रंकाळा स्टँडवरून
शेवटची गाडी गाठायची नसते.
मग अनुदान संपलं.
मुजावर मॅडम म्हणाल्या, बघू पुढच्या वर्षी,
आणि फ्रीजमध्ये माझ्या नावाच्या बाटल्यांवर
बर्फ साचत गेला.

खाट चौदा. धाकलू बोडेकर.
राहणार गगनबावड्याच्या वरचा धनगरवाडा,
वय अदमासे साठ, आजार आतड्याचा.
कर्मचाऱ्यांची वागणूक?
"बारदेस्कर सिस्टर लई वरडती.
पर सुई अशी मारती, डासबी लाजंल."
स्वच्छता?
"आमच्या गोठ्यापरीस बरी."
तपासणीसाठी किती वेळ थांबावं लागलं?
"म्हसरं रानातनं माघारी येईस्तोवर थांबतो,
त्येवढंच."
मी चेहऱ्यांवर खुणा करत गेले,
चौथा, तिसरा, पुन्हा चौथा.

प्रश्न सातवा.
आपणास दिल्या जाणाऱ्या औषधाची माहिती
समजेल अशा भाषेत देण्यात आली का?
त्याने वर टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं.
"पिवळं हाय. म्हाग हाय."

फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलंय,
विचारणाऱ्याने स्वतःहून काही सांगू नये.
मी म्हटलं, मामा, नरक्या ठाऊक आहे?

सलाईनचा हात एकदम आखडला.
"फारेस्टकडनं आलीस व्हय गं?
त्या केसला बारा वर्सं झाली. मिटली ती.
मी नुसता तोडाय हुतो, ट्रक दुसऱ्याचा."

नाही मामा, नाही.
त्याला सांगितलं, जमेल तसं, हातवारे करत,
की त्या झाडातलंच काहीतरी काढून,
धुऊन, थोडं बदलून,
हे असं थेंबाथेंबानं खाली येतंय.

बराच वेळ नुसता पंखा वाजत राहिला.
"किलोला अकरा रुपयं दिलं हुतं त्या यापाऱ्यानं,"
तो म्हणाला, आणि हसला, आणि हसताना पोट धरलं.
"फुललं की असला वास सुटायचा,
माणूस वाट सोडून जायचा.
म्हणून तर नाव पडलं."
मग नळीपाशी नाक नेऊन हुंगलं.
"वास काढून टाकला जणू?"
काढून टाकला.
"मंग ऱ्हायलं काय?"

याचं उत्तर मला पाठ होतं,
तोंडी परीक्षेत फळ्यावर काढलं होतं,
एकमेकींना बिलगलेल्या पाच कड्या.
इथे फळा नव्हता.

"लागू पडंल न्हवं?"
हा प्रश्न फॉर्मवर नाही.

शेवटी सूचनांसाठी दोन ओळी मोकळ्या असतात.
बहुतेक जण म्हणतात, काय न्हाय, बरं हाय सगळं.
तो म्हणाला, "ल्ही.
मुळासकट उपटू नगा म्हणावं.
बुडखा ठिवला तर फुटतंय परत.
आमी ठिवला न्हाय."
लिहिलं.
"आन ह्यो पंखा रातभर वरडतोय, त्येबी ल्ही."
तेही लिहिलं, समासात, जागा उरली नव्हती.
अंगठ्याची शाई त्याने चादरीला पुसली,
सिस्टरांनी पाहायच्या आत चादर दुमडली.

कार्यालयातल्या साहेबांनी फॉर्म चाळला,
पहिली सूचना खोडली, विषयाशी संबंध नाही म्हणाले,
पंख्याखाली लाल रेघ ओढली.
सातव्यापुढे काहीच कसं नाही?
मी म्हटलं, राहिलं.

बावीस रुपये कापले.
सोमवारी गेले तेव्हा
चौदा नंबरवरचा पंखा आवाज न करता फिरत होता,
आणि खाटेवर दुसरंच कोणी झोपलेलं.
बारदेस्कर सिस्टर म्हणाल्या, घरी सोडलंय गं,
एकवीस दिवसांनी यायचंय पुढच्या बाटलीला.
मी कॅलेंडरवर दिवस मोजले.